कट्ट्यावरची वाटी

माझ्या काकूला माझ्या हातानं बेडपॅन घ्यावा लागला, त्या दिवशी मला जेवढं बरं वाटलं तेवढं कोर्सचं सर्टिफिकेट मिळालं तेव्हाही वाटलं नव्हतं. हे वाचून मी कुणाला दुष्ट वाटले तर वाटू दे. आधी सगळं ऐकून घ्या, मग काय नाव ठेवायचं ते ठेवा.

मी मंद्रूपची. बारावी झाल्यावर सोलापुरात क्लिनिकल असिस्टंटचा वर्षभराचा कोर्स करायचं ठरलं. ठरलं म्हणजे मी ठरवलं आणि वडील नाही म्हणाले नाहीत. आई गावभर सांगत सुटली, "पोरगी नर्सचं शिकाया चालली." मी तिला दुरुस्त केलं नाही, कारण मलाच नीट माहीत नव्हतं. डॉक्टरच्या हाताखाली राहायचं, बीपी, ताप, नाडी बघायची, इंजेक्शनचा ट्रे लावायचा, ड्रेसिंगला मदत करायची, एवढं ॲडमिशनच्या वेळी सांगितलं होतं. पेशंटचं अंग पुसणं, भरवणं, बेडपॅन देणं आणि काढणं, हेही त्यातच येतं हे कुणी सांगितलं नव्हतं.

राहायचं भवानी पेठेत काकांकडे. काका म्हणजे वडिलांचे सख्खे धाकटे भाऊ. पुढच्या खोलीत त्यांची शिलाई मशीन, तिच्यावर ते टॉवेलांच्या कडा शिवायचे. मधल्या खोलीत संसार, त्याच्यामागे स्वयंपाकघर, आणि सगळ्यात मागे उघडी मोरी, नळ आणि एक दगडी कट्टा. कट्ट्याला लागून मागचं दार, ते बोळात उघडायचं. हे घर मला लहानपणापासून ओळखीचं. गड्ड्याच्या जत्रेला आलो की आम्ही तिथंच उतरायचो आणि काकू मला मांडीवर आडवी घेऊन माझ्या डोक्यातल्या उवा काढायची. हे मुद्दाम सांगते, कारण जिनं मला शिवायचं सोडलं ती बाई परकी नव्हती.

सुरुवातीचे आठवडे वर्गातच गेले. मोसंबीला सुई टोचायची, एकमेकींच्या दंडाला पट्टा बांधून बीपी बघायचं. तेव्हा काकूला माझं फार कौतुक. शेजारणींना हाका मारून बोलवायची आणि माझ्याकडून त्यांचं बीपी मोजून घ्यायची. मग आम्हाला वॉर्डात न्यायला लागले. पहिल्याच दिवशी एका आजींना बेडपॅन द्यायचं काम माझ्या वाट्याला आलं. मला घाम फुटला, पण जमलं. आजी म्हणाल्या, "लई हलका हात हाय गं पोरी तुजा." हे घरी जाऊन कधी एकदा सांगते असं मला झालं होतं. काकू भाकरी थापत होती. मी शेजारी बसून सगळं सांगितलं, आजींची नक्कल करून. काकूचा हात परातीतच थांबला.

"कुटल्या हातानं?" तिनं विचारलं.

मी दोन्ही हात पुढे केले. मी अजून हसतच होते. तिनं भाकरीची दुरडी उचलली आणि पलीकडे ठेवली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आले तर पुढचं दार आतून लावलेलं. "मागनं ये," काकूचा आवाज आला. मी बोळातून गेले. मोरीपुढे दोरी बांधून तिच्यावर एक जुनी चादर टाकलेली होती, मोराच्या नक्षीची, रंग उडालेली. बादली भरलेली होती. "हितंच आंगुळ कर, डोक्यावरनं. ती कापडं त्या खिळ्याला अडकीव. आत आणायची न्हाईत." मैतावरून आल्यावर आमच्याकडे करतात तसं. फरक एवढाच, की माझं मैत रोजचं होतं.

हॉस्पिटलातून आल्यावर हातपाय धुवावेत, कपडे बदलावेत, हे आमच्या मॅडमही सांगायच्या. तेवढंच असतं तर माझी काही तक्रार नव्हती. पण मॅडम म्हणायच्या, दोन्ही हात साबणानं धुवा आणि चार माणसांत बसून जेवा. काकूच्या लेखी माझ्या हातांना साबण लागूच होत नव्हता. डोक्यावरून आंघोळ करूनही माझं ताट वेगळं. ताट, वाटी, पेला, तिन्ही त्या दगडी कट्ट्यावर पालथे घातलेले असायचे. मी ते धुवायचे, पुढे करायचे, आणि काकू उंबऱ्याच्या आतून वरून वाढायची, पळी ताटाला लागू न देता. आमटीचे शिंतोडे माझ्या मनगटावर उडायचे. सुतकसुद्धा कधीतरी फिटतं. माझं फिटायचं नाव घेत नव्हतं.

काकांना सगळं दिसत होतं. मी कट्ट्यावर जेवायला बसले की पुढच्या खोलीतली मशीन जास्त जोरात चालायची. बस, तेवढाच त्यांचा निषेध. कधी समोर आलेच तर म्हणायचे, "तिचं डोस्कं तसलंच हाय बाळ, मनावर घिऊ नगंस." मनावर न घेता मनगटावर घेतलेली आमटी पुसून मी अभ्यासाला बसायचे.

निघून का गेले नाही, असं लोक विचारतात. कुठं जाणार? वडिलांना कळलं असतं तर ते पुढच्या एसटीनं आले असते, भावाशी भांडले असते आणि मला घेऊन गावी गेले असते. मग कोर्स संपला, आणि मला बघायला पाहुणे यायला सुरुवात. ते मला नको होतं. मला ते काम आवडायला लागलं होतं. म्हणून मी तोंडाला कुलूप लावलं आणि मनात डूख धरला. फोनवर आई विचारायची, काकू नीट बघती का? मी म्हणायचे, लई बघती.

वर्गातल्या एका मैत्रिणीला तेवढं सांगितलं होतं. मला वाटलं ती हळहळेल. ती डबा खात होती, खातच राहिली. मग म्हणाली, "आमच्या आजीनं असं वरनं वाढलेलं जल्मभर खाल्लंय. तुजं वरसाचं हाय." माझा घास तोंडातच राहिला. मला तिचा राग आला, आणि मग मंद्रूपच्या आमच्या घरातला दाराबाहेरच्या कोनाड्यातला एक पेला आठवला. त्या पेल्याविषयी मी कधी कुणाला काही विचारलं नव्हतं. तिच्या डब्यातली शेंगाचटणी तिनं माझ्या पोळीवर घातली, बोटानं.

आता मॅडमविषयी, कारण मला हत्यार दिलं ते त्यांनी, न कळत. त्या निवृत्त सिस्टर होत्या. एके दिवशी त्यांनी वर्गात एक खाट मांडली आणि सांगितलं, आज प्रत्येकीनं पेशंट व्हायचं. एकीनं आडवं पडायचं, दुसरीनं तिला वरणभात भरवायचा, तोंड पुसायचं, ओल्या रुमालानं मान आणि हात पुसायचे, आणि शेवटी कंबर उचलून खाली बेडपॅन सरकवायचा. कपडे अंगावर असतानाच, पण सगळं खरं असल्यासारखं. आम्ही खिदळत होतो. माझी पाळी आली, मी आडवी झाले आणि माझं हसू बंद पडलं. वर पंखा, त्याच्याखाली मैत्रिणीचा चेहरा, आणि तिचे हात मला न विचारता माझी कंबर उचलताहेत. मला रडू आलं. उभं असणाऱ्यापुढे आडवं पडलेलं माणूस किती लहान होतं, ते तोवर मला माहीत नव्हतं.

मॅडमनी सगळ्यांना थांबवलं. "आता कळलं? म्हणून आधी काय करणार ते सांगायचं. मग विचारायचं, करू का? पेशंट हो म्हणाला की मगच हात लावायचा. बोलता येत नसेल तर मान हलवली तरी पुरे. पण विचारल्याशिवाय नाही."

सगळ्या मुलींनी माना डोलावल्या. मीही डोलावली. या नियमाला धार आहे, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मग संक्रांत आली. काकूनं हळदीकुंकू ठेवलं. पुढची खोली बायकांनी भरलेली. मला त्या दिवशी सुट्टी होती, मी सकाळीच न्हाऊन आईची साडी नेसले होते. मनात म्हटलं, आज वॉर्डात पाऊल टाकलेलं नाही, आज काय हरकत आहे? मी मधल्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिले. काकू तबक घेऊन एकेकीला कुंकू लावत, हातावर तिळगूळ ठेवत, वाण देत येत होती. माझ्या शेजारच्या पोरीच्या हातावर लाडू ठेवला, तिच्या गालाला हात लावला. मी तळहात पुढे केला. काकू बाजूला वळली. एका शेजारणीनं विचारलं, "अगं, तुज्या पुतणीला ऱ्हायलं की."

"तिला मागं ठिवलाय," काकू म्हणाली. आणि मग, विचारलं नसतानाही, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "मानसांची घान काढती ती. तुमी शिवू नगा, सणासुदीचं."

बायकांनी माझ्याकडे बघितलं. मग माझ्या हाताकडे. तो अजून पुढेच होता. एकीनं आपल्या लेकीला हळूच जवळ ओढलं. ही तीच बाई, जी काही महिन्यांपूर्वी माझ्याकडून बीपी मोजून घेऊन गेली होती. मी मागे गेले. कट्ट्यावर माझ्या वाटीत एक लाडू टाकलेला होता आणि त्याला मुंग्या लागल्या होत्या. मी तो नळाखाली धरला, विरघळेपर्यंत.

आणि तिथंच, आईच्या साडीचा ओला पदर पिळताना, मी ठरवून टाकलं. या बाईला एक दिवस माझा हात मागावा लागेल. मी देणार नाही असं नाही. मी देईन. पण तिला तिच्या तोंडानं मागावा लागेल, माणसांत. देवाकडे मी दुसरं काही मागितलं नाही, नोकरीसुद्धा नाही.

नोकरी मिळाली, देवानं ती आपणहून दिली असेल. हाडांच्या एका खासगी हॉस्पिटलात मी लागले, दोन मुलींबरोबर खोली घेतली. काकूच्या घरातून निघाले तेव्हा मी पाया पडले नाही. पाय शिवायचे तरी कसे? तेवढी सोय तिनंच करून ठेवली होती. पुढे गावाकडच्या लग्नात वगैरे भेटायची, तेव्हा लोकांना सांगायची, "नर्स हाय आमची पुतणी." मी लांबूनच हसायचे. माझी घाई नव्हती.

गेल्या थंडीत सकाळी काकांचा फोन आला. काकू मागच्या मोरीत पाय घसरून पडली होती. त्याच मोरीत. मी खाली बसले. मला वाईट वाटलं असं लिहिलं तर ते खोटं होईल. काका म्हणाले, "तुज्याच दवाखान्यात आणतो. आपली पोरगी हाय तितं, म्हंजी काळजी न्हाय."

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, सांधा बदलला. वॉर्डात आणल्यावर मी इन्चार्ज सिस्टरांकडे जाऊन त्या खाटेची ड्युटी मागून घेतली. सिस्टर म्हणाल्या, "सख्खी काकू आहे, माया असणारच." मी म्हटलं, हो सिस्टर.

लघवीची नळी होती तोवर काकूला माझी गरज लागली नाही. ती डोळे मिटून पडून राहायची. मी जवळ गेले की झोपल्याचं सोंग. नळी काढली, आणि दुपारी काकू अस्वस्थ व्हायला लागली. पायांमध्ये उशी बांधलेली, कुशीवर वळायचं नाही, उठायचं तर नावच नाही. मला लांबूनच सगळं कळत होतं. ती माझ्याकडे न बघता सुनेकडे बघत होती. सून म्हणजे माझी चुलतवहिनी, बाहेरगावी नोकरीला असलेल्या चुलतभावाची बायको; त्या घरात येऊन तिला दीड-दोन वर्षं झाली असतील. डबा घेऊन आली होती.

काकूनं तिला खुणेनं जवळ बोलावलं आणि कानात काहीतरी सांगितलं. वहिनी मागे सरली. नाकाला पदर लावला. "मला न्हाई जमायचं आत्या. मला मळमळतंय."

"कुनी बगत न्हाई. पडदा वड."

"आनि मग मी घरात कुटनं जायाचं?" वहिनी म्हणाली. ती टोमणा मारत नव्हती, ती खरंच विचारत होती. "मला बी मागनंच आंगुळ करून जावं लागंल की. सैपाक राहिलाय समदा."

ती पोरगी लग्न होऊन आली तेव्हापासून कट्टा, चादर, खिळा यांच्या गोष्टी ऐकत आली होती. घान काढणारी माणसं कुठून आत येतात ते तिला सासूनंच शिकवलं होतं. मला काही करावंच लागलं नाही. मी फक्त बेडपॅन आणायला गेले.

स्टीलचं भांडं गार असतं, एकदम अंगाला लागलं की माणूस दचकतं. मी ते गरम पाण्यानं धुतलं, कोरडं पुसलं, वर कापड टाकलं. पडदा पूर्ण ओढला, आवाज मात्र चढा ठेवला. शेजारच्या खाटेवरची बाई, तिची मुलगी आणि आमची वहिनी यांना ऐकू जावं इतपत. बघायला नाही, ऐकायला. पेशंटची लाज झाकायची हा नियम आहे आणि तो मी कधी मोडत नाही.

"काकू," मी म्हणाले, वॉर्डातल्या स्वच्छ भाषेत, "मी आता तुमच्या कमरेखाली बेडपॅन ठेवणार आहे. त्यासाठी मला तुम्हाला हात लावावा लागेल. लावू का?"

ती भिंतीकडे बघत राहिली.

"लावू का, काकू?"

तिनं मान हलवली. हलवली हे मी बघितलं. मान हलवली तरी चालतं, हे मला मॅडमनी शिकवलेलं तोंडपाठ होतं. त्या दिवशी मी ते विसरले.

"तुम्ही बोलल्याशिवाय मला हात लावता येत नाही," मी म्हणाले. "नियम आहे." आणि हातात ते कोमट भांडं धरून उभी राहिले. तिच्या कपाळावर घाम आला. ओठ चावत होती. मी तिला न विचारता दिलं असतं तर तिनं डोळे मिटले असते आणि म्हटलं असतं, मी कुटं मागितला हुता? ती वाट मला तिला ठेवायची नव्हती.

"व्हय," ती म्हणाली.

"काय व्हय?"

"लाव हात." मग तिचा आवाज फुटला. "लाव गं पोरी. लवकर लाव."

मी लावला. एक हात कमरेखाली, ऑपरेशनची बाजू न हलवता, चांगल्या बाजूनं भांडं सरकवलं, अंगावर चादर ओढली. नंतर कोमट पाण्यानं धुतलं, पुसून कोरडं केलं, परकर नीट केला. माझ्या सगळ्या नोकरीत मी इतकं चोख काम केलं नसेल. तिला माझ्यात एकही खोट काढता येऊ नये, ही माझी जिद्द होती. माझा हात कडक असता, मी हिसका दिला असता, तर तिला मला शिव्या देता आल्या असत्या. तेवढंही सुख मी तिला दिलं नाही. शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, "किती निगुतीनं करती हो. तुमची कोन?" काकूनं चादर गळ्यापर्यंत ओढली. मी म्हणाले, "पुतणी."

पुढे दर वेळी तेच. केस विंचरायचे, पाठ पुसायची, दात घासायचे, चूळ भरायला पाणी द्यायचं, भरवायचं. काकू, मी आता तुम्हाला भरवणार आहे. भरवू का? काकू, मी पाठीला हात लावणार आहे. लावू का? आणि दर वेळी तिनं बोलायचं, "व्हय." घरी जायच्या आदल्या दिवसापर्यंत मी विचारायच्या आधीच ती "व्हय" म्हणायला लागली होती. मी तरीही विचारायचे, सगळं वाक्य, शेवटपर्यंत. राउंडला आलेले डॉक्टर एकदा थांबून इतरांना म्हणाले, बघा, पेशंटशी असं बोलायचं असतं. मी मान खाली घातली. पोटात गुदगुल्या होत होत्या.

घरी सोडलं तरी रक्त पातळ ठेवायचं इंजेक्शन काही दिवस रोज पोटात घ्यायचं होतं, आणि वॉकर धरून चालायचं होतं. काका म्हणाले, "ड्युटी सुटल्यावर येत जाशील काय गं बाळ?" मी लगेच हो म्हणाले. काकांचे डोळे भरले. त्यांना वाटलं मी सगळं विसरले.

पहिल्या संध्याकाळी पुढचं दार सताड उघडं होतं. काका दारात, वहिनीनं पाण्याचा तांब्या आणलेला. मी दारावरून पुढे गेले आणि बोळात शिरले. मोराची चादर अजून दोरीवर होती, आणखी विटलेली. मी कट्ट्यावर पिशवी ठेवली, नळावर हात धुतले आणि आत आवाज दिला, "काकूंना इकडं आणा."

"अगं, आत ये की," काका धावत आले. "कॉटवर हाय ती."

"हॉस्पिटलातनं आलीय मी, काका. आत कशी येऊ? घराचा नियम हाय." मग वहिनीकडे वळून म्हणाले, "डॉक्टरांनी चालायलाच सांगितलंय."

सांगितलंच होतं. यातही माझी चूक कुणाला काढता आली नसती. काकांनी उंबऱ्यावर फळी टाकली. काकू वॉकर टेकवत, थांबत, वहिनीचा खांदा धरत स्वयंपाकघर ओलांडून मागे आली. खुर्चीवर बसली. चादरीच्या आड तिनं पदर बाजूला केला आणि मी विचारलं, "काकू, पोटावर इंजेक्शन देणार आहे. देऊ का?" बोळातून जाणाऱ्या बाया वाकून बघत होत्या. "व्हय," काकू म्हणाली. रोज असं चाललं. ती रोज थोडी लांब आणि सरळ चालायला लागली. बरी होत होती ती, माझ्या रागावर. तिची माझ्याशी बोलायची इच्छा दिसायची, पण सुरुवात तिला सापडत नव्हती आणि मी ती करून देत नव्हते. एकदा फक्त तिनं विचारलं, "थंडीत हितं लई गार लागत आसंल न्हवं गं तुला, तवा?" मी सुई डब्यात टाकली आणि म्हणाले, उद्या याच वेळी येते.

संक्रांत आली. पुढच्या खोलीत या वेळी वहिनीचं हळदीकुंकू होतं, बायकांचा आवाज मागेपर्यंत येत होता. काकू वॉकर धरून एकटीच आली, वहिनीला न बोलावता. नवं लुगडं नेसली होती. मी विचारलं, तिनं व्हय म्हटलं, इंजेक्शन झालं. मी पिशवी आवरायला लागले तशी ती म्हणाली, "थांब."

तिनं पदराची गाठ सोडली. आत कागदात गुंडाळलेला तिळाचा लाडू होता. तो तळहातावर घेतला. वॉकरचा आधार सोडून ती उभी होती. स्वयंपाकघराच्या दारात दोन-चार बायका येऊन उभ्या होत्या. त्यात ती बीपीवाली शेजारीणही होती.

"मी तुज्या हातावर तिळगूळ देनार हाय," काकू म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल असं. "त्यासाठी तुज्या हाताला हात लावावा लागंल. लावू का?"

माझी वाक्यं. एकही शब्द सोडला नव्हता तिनं. इतके दिवस ती फक्त व्हय म्हणत नव्हती, ती शिकत होती.

या क्षणाची मी कितीतरी वर्षं वाट बघितली होती. मला वाटायचं, असं झालं की माझ्यातलं काहीतरी सुटेल, मी रडेन, तिच्या गळ्यात पडेन. तसं काही झालं नाही. मला फक्त तो दिवस दिसत होता, आईची साडी, पुढे केलेला हात, आणि त्या हाताकडे बघणाऱ्या याच बायका.

"कट्ट्यावर ठेवा, काकू," मी म्हणाले.

काकूनं माझ्याकडे बघितलं. मग वॉकर धरून ती कट्ट्यापर्यंत गेली, वाकता येत नव्हतं तरी थोडी वाकली, आणि लाडू ठेवला. मी हात धुतले आणि बोळातून निघून गेले. रस्त्यावर येईपर्यंत मी मागे वळून पाहिलं नाही. मला बरं वाटत होतं, आणि खोलीकडची गल्ली सोडून मी पुढेच चालत राहिले.

दुसऱ्या दिवशी शेवटचं इंजेक्शन होतं. गेले तर कट्ट्यावर एक वाटी पालथी घातलेली. माझीच वाटी, काठाला चेपलेली. वहिनी हळू आवाजात म्हणाली, "लाडू हाय खाली. मुंग्या लागतील म्हनून आत्यांनी झाकलाय. कुनाला उचलू देत न्हाईत." काकू आली, बसली. मी विचारलं, तिनं व्हय म्हटलं. सुई काढल्यावर ती वाटीकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. मी पिशवी घेतली आणि आले. वाटी उचलली नाही.

त्याला आता काही महिने झाले. काकू काठीवर चालते. मोरीपुढची चादर काढून टाकली म्हणे, दोरीसुद्धा. परवा काकांचा फोन आला, असाच, ख्यालीखुशाली विचारायला. ठेवता ठेवता म्हणाले, "तुजी काकू ती वाटी अजून हालवू देत न्हाय बग. तिच्याभवती झाडून काढती. कवा येतीस?"

"राहू द्या," मी म्हणाले.

फोन ठेवला, दोन्ही हात साबणानं धुतले, आणि खोलीतल्या मुलींबरोबर जेवायला बसले.